यंत्राचा नैवेद्य

आमच्या पोकाईने कॉम्प्युटरच्या रेडिएटरचे पंखे तिसऱ्यांदा बदलले, तरी तापमान नव्वदच्या खाली येईना. यंत्राने मुकाट चालावं म्हणून सगळं तैपेई करतं तेच त्यानेही केलं. कॅबिनेटच्या डोक्यावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं, आणि दर नव्या पंख्यांमागे एकेक वाढवत गेला.

संध्याकाळी बघतो तर आई तिन्ही पाकिटं फस्त करून बसलेली.

"आई, तो यंत्राचा नैवेद्य होता! उद्या स्पर्धा आहे माझी!"

"यंत्राला दात आहेत का रे, मेल्या?"

पाकिटांखालची जाळी मोकळी झाली होती. कोंडलेला गरम वारा भसाभस बाहेर पडला आणि आकडा पंचावन्नवर आला.



हल्ली पोकाई सगळ्यांना ठणकावून सांगतो, "पंखे कुठलेही घ्या, नैवेद्य मात्र आईच्याच पोटात गेला पाहिजे."