उलटे वेढे

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बयाबाईनं विंचवर तार गुंडाळायला घेतली. गडमुडशिंगीतल्या घराच्या अंगणात, बाकड्यावर ते जुनं यंत्र ठेवलं होतं. रस्त्याखाली उतरलेली गाडी तारेनं ओढून वर काढणारं, बॅटरीवर चालणारं. बाकड्याच्या एका बाजूला स्टुलावर बयाबाई, समोर लोखंडी खुर्चीत तिचे यजमान गणपती मिस्त्री.

मिस्त्रींचा उजवा हात आठ महिन्यांपासून मांडीवर पडून होता. बोलणंही गेलं होतं. डाव्या हातातल्या पान्यानं खुर्चीवर एकदा टोकलं की होय, दोनदा टोकलं की नाही. एवढ्या भाषेत दोघांनी चार महिने लावून विंच उघडला, धुतला, जोडला. गिअर तिनं रॉकेलमध्ये घासले. मोटरचे झिजलेले कार्बन तिनं बदलले. बटण सोडलं की ओढलेली गाडी जागेवर धरून ठेवणारा ब्रेक मात्र मिस्त्रींनी स्वतः बसवला, एका हातानं, तीन दिवस लावून. त्याला तिला हात लावू दिला नाही.

आता तार. मिस्त्रींनी डावा हात छातीपाशी नेला आणि हवेत पुढं लोटला. पुन्हा छातीपाशी, पुन्हा पुढं.

"आपल्यापास्नं म्होरं. असंच न्हवं?"

टक्.

तिनं तार गुंडाळायचा ड्रम आपल्यापासून पुढं फिरवला. दुसऱ्या वेढ्याला वर पाहिलं तर मिस्त्रींची मान कलली होती. सकाळच्या गोळीनं त्यांना गुंगी यायची. तिनं उठवलं नाही. वेढ्याला वेढा चिकटवत सगळी तार एकटीनं गुंडाळली.

अकराला अझीम जीप घेऊन आला. शाहूवाडीकडच्या घाटात अडकलेल्या गाड्या काढण्याचं त्याचं काम. ते त्याच्या वडिलांनी आणि मिस्त्रींनी मिळून सुरू केलेलं. उद्या तो नवा विंच आणणार होता. जुन्यानं जीप ओढून धरली तर जुनाच ठेवीन, नाही तर भंगारात, असं त्यानं तोंडावर सांगून टाकलं होतं.

"मावशी, तुमी गुंडाळली व्हय? माजी बायको लोकर बी एवढी नीट गुंडाळत न्हाय."

"मग धाड की तिला हिकडं चार म्हैनं."

ती हसली, पण तिचं लक्ष मिस्त्रींकडं होतं. हाताच्या व्यायामासाठी डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू खिडकीत धूळ खात पडला होता. या विंचसाठी मात्र ते रोज सहाला उठून बसत. तो भंगारात गेला तर उद्या सकाळी ते कशासाठी उठतील, हे तिला ठाऊक नव्हतं.

अझीमनं विंच जीपच्या पुढं बसवला, जीप दारातल्या चढावर उभी केली आणि तारेचा हूक वरच्या चिंचेच्या बुंध्याला अडकवला. मग जीपमध्ये बसून त्यानं ओढायचं बटण दाबलं. तार उलट सैल पडली.

"वायरी इकडच्या तिकडं झाल्यात. असू दे," म्हणत त्यानं दुसरं बटण दाबलं. मोटर गुरगुरली, तार ताठ झाली. जीप वीत वीत वर चढू लागली. बयाबाईनं मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला.

अझीमनं बटण सोडलं.

जीप थांबली नाही. आधी हळू, मग भरभर मागं घसरली. त्यानं हातब्रेक ओढला तेव्हा मागचं चाक खालच्या गटारीपासून हातभर लांब होतं.

"ब्रेक गेलाय, मिस्त्री. धरंना."

टक् टक्.

"आता बगितलं न्हवं? गटारीत जात हुतो की!"

टक् टक्. या वेळी जोरात.

"मग काय भूत बसलंय व्हय त्यात?"

मिस्त्री उठले. बयाबाईला धरून, पाय ओढत जीपपाशी आले आणि तारेवर बोट ठेवलं. तार ड्रमच्या वरून येत होती. खालून यायला हवी होती.

अझीम वाकला. "आयला! तार उलटी गुंडाळलीया, म्हणून बटणं बी उलटी. ह्याचा ब्रेक ड्रम एकाच अंगाला फिरताना धरतोय. माज्या बी ध्यानात न्हाय आलं."

बयाबाईचा चेहरा उतरला. "तुमी दावलं तसंच केलं की ओ मी."

मिस्त्रींनी पुन्हा तोच हात केला. छातीपासून पुढं. तिनं त्या हाताकडं पाहिलं, मग अंगणातल्या खुर्चीकडं, मग समोरच्या आपल्या स्टुलाकडं.

"तुमी तिकडं बसलेलासा, मी हिकडं," ती सावकाश म्हणाली. "तुमचं म्होरं ते माजं मागं."

मिस्त्रींनी जीपच्या पत्र्यावर बोटानं एकदा टोकलं.

टक्.

अझीमचा फोन वाजला. जयसिंगपूरजवळ उसाची ट्रॉली कलंडली होती. त्यानं विंच काढून पुन्हा बाकड्यावर ठेवला. ट्रॉली काढायला दुसऱ्याची गाडी बोलवावी लागणार होती.

"तीनला येतो. पर या बारीला न्हाय धरलं तर, मावशी…"

"जा तू."

तिनं सगळी तार उलगडली. मग स्टूल उचललं, बाकड्याला वळसा घालून मिस्त्रींच्या उजव्या बाजूला, त्यांच्या खुर्चीला लावून ठेवलं आणि बसली. ड्रमच्या डाव्या टोकाला त्यांचा डावा हात, उजव्या टोकाला तिचा उजवा. ड्रम दोघांपासून पुढं फिरू लागला. मिस्त्रींना गुंगी आली तेव्हा या वेळी तिनं कोपरानं ढोसलं.

सव्वा दोनला ड्रमवर एकतीस वेढे बसले होते. तार खालून येत होती. अझीमची जीप अजून आलेली नव्हती.