बँड फुटल्याचं कारण

“नोकरी लागली म्हणून?” समीक्षानं कॅमेरा बंद करायला सांगितला. “राजदीप, नोकरी लागली म्हणून रॉक बँड फुटत नाही हो.”

आता फुटला त्याला राजदीप तरी काय करणार? जगभरचे बँड दारूनं फुटतात, प्रेमप्रकरणांनी फुटतात, मोठा कोण या भांडणानं फुटतात. राजूरचा ‘काळी धूळ’ फुटला तो कोळसा खाणीच्या नोकरीनं. ज्या बँडची गाणी पुण्या-मुंबईची पोरं छाती बडवत म्हणायची, त्याचा गिटारवाला पियुष. त्याच्या घरचं वावर खाणीत गेलं आणि जमिनीच्या बदल्यात घरातल्या एकाला पर्मनंट नोकरी मिळाली. आपल्याकडे पर्मनंट म्हटलं की देवसुद्धा हातातली गिटार खाली ठेवेल. पियुषनंही ठेवली आणि डंपरवर चढला. घरच्यांनी गावभर पेढे वाटले. बँडच्या मयतीचे ते पेढे गायक राजदीपनंही दोन-दोन उचलून खाल्ले. शिवीगाळ नाही, रुसवा नाही, काही नाही.

माहितीपटाला असलं चालत नाही. समीक्षा पुण्याहून ‘राखेतून’ नावाचा माहितीपट काढायला आली होती. नामांकित बँड फुटतो, गायक धुळीला मिळतो, मग एकटाच पुन्हा उभा राहतो. धुळीला मिळायची सोय राजुरात भरपूर होती. तिनं राजदीपला खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून उदास चालवलं. नवा शर्ट काढून जुना घालायला लावला. त्याच्या आईला, कौसल्याबाईला, अंगणातल्या पाणी तापवायच्या चुलीपुढे बसवून भाकर थापायला लावली. घरातली गॅसची शेगडी चादरीखाली गेली. एवढं सगळं जमलं, फक्त भांडण जमेना.

“भांडण नसेल तर फिल्मही नाही,” समीक्षा दमून म्हणाली. “मी उद्या निघते.”

बँड गेल्यापासून राजदीपनं एकट्यानं काढलेली गाणी कुत्रंही ऐकत नव्हतं. नव्या अल्बमला कोणी हात लावायला तयार नव्हतं. ही फिल्म निघाली तर पुन्हा नाव होणार होतं. नाही तर होतीच वणीची मंगल कार्यालयं, आणि जेवणाच्या पंगतीपुढे गाणं.

“एक गोष्ट लपवली मॅडम,” तो म्हणाला. “‘ढिगारा’ची चाल माई होती, मी बांधलेली. पियुषनं चोरली.”

कॅमेरा लगेच सुरू झाला. ‘ढिगारा’ म्हणजे बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं. त्याची चाल पियुषनं स्वतःच्या अंगणात बसून, राजदीपच्या डोळ्यांदेखत बांधली होती. पण खोटंच बोलायचं तर माणूस बारकं कशाला बोलेल?

समीक्षाचा चेहरा खुलला. चला, निभावलं, असं राजदीपला वाटलं. माहितीपटवाली बाई दुसरी बाजूही विचारायला जाते, हे काही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. थोड्याच वेळात तिची गाडी पियुषच्या दारात उभी होती आणि मागच्या सीटवर हा.

पियुष नुकताच ड्युटीवरून आला होता. हात धुता धुता त्यानं समीक्षाचं सगळं ऐकून घेतलं.

“तुम्ही त्यांची चाल चोरली, असं राजदीप म्हणतात,” ती म्हणाली.

पियुषनं राजदीपकडे पाहिलं. राजदीप अंगणातल्या कोंबडीकडे पाहत होता.

“ह्याच्यानं त्याचा पिच्चर होईन ना?” पियुषनं विचारलं.

“तुम्ही बोललात तर नक्की होईल.”

कॅमेरा लागेपर्यंत राजदीपनं त्याला न्हाणीच्या आडोशाला ओढलं. “मी सांगतो तिले. खोटं बोललो म्हणतो.”

“अन् मंग? जाईन थे बाई सामान घेऊन पुण्याले.” पियुष टॉवेलनं हात पुसत होता. “काहून भिऊन राह्यला बे? माई नोकरी पर्मनंट हाय. चोर म्हटलं म्हणून डंपरवरून कोण उतरवते मले? तुयापाशी नावाबिगर दुसरं काय हाय?”

नको, एवढं एकच म्हणायचं होतं. राजदीपला लाज वाटली, अगदी जीव जाईस्तोवर लाज वाटली. त्या लाजेतही फिल्म होणार याचा आनंद झालाच. तो जाऊन कॅमेऱ्यामागे उभा राहिला.

पियुष खाटेवर बसला. स्टेजवर ज्याच्या तोंडून कधी ‘नमस्कार’ निघाला नाही, तो आज घडाघडा बोलला. चाल कशी उचलली, मित्राचा घात कसा केला, तेव्हापासून अन्न कसं गोड लागत नाही, सगळं सांगितलं. पोट तर चांगलं सुटलं होतं. दारात उभी असलेली त्याची बायको निशिगंधा नवऱ्याचा हा गुन्हा पहिल्यांदाच ऐकत होती. तिनं सगळ्यांना चहा दिला. राजदीपला देताना ती रोजच्यासारखं ‘भाऊजी’ म्हणाली नाही.

“माफ कर भाऊ,” पियुष शेवटी म्हणाला.

समीक्षानं डोळे टिपले. असा शेवट तिच्या हाती आजवर लागला नव्हता. तिनं राजदीपला पियुषच्या समोर बसवलं आणि कॅमेरा त्याच्याकडे फिरवला. “आता तुम्ही. पाठ केलेलं काही नको. मनापासून.”

“केलं,” राजदीप म्हणाला. “केलं माफ.”

“कट. परत घेऊ.” समीक्षा समजुतीनं म्हणाली, “राजदीप, मान वर करा. माफी तुम्ही देताय, मागत नाही आहात.”