धुतलेली लोकर

पहिला शेंडा हातात घेतला तेव्हा नेझाला वाटलं, बर्फाने मोडला असेल. दुसराही तसाच. दहाव्या झाडापाशी ती थांबली. शेंडे मोडलेले नव्हते, हरणांनी खाल्ले होते. त्यांना बांधलेले लोकरीचे बोळे तेवढे चिखलात पडले होते, पांढरेशुभ्र.

फरची तीनशे झाडं. तिच्या नवऱ्याने, याकोबने, बारा वर्षं जिवापाड जपलेली. आता कुठे ती नेझाच्या छातीला लागली होती. आणखी चार वर्षांनी हरणाचं तोंड पोचणार नाही, असं म्हणता म्हणता गेल्या सप्टेंबरात याकोबच गेला. हरणांनी तोंड लावू नये म्हणून दर शरदात शेंड्यांना लोकर बांधायचं त्याचं काम या खेपेस नेझाने एकटीने केलं. गुडघ्यांनी जीव खाल्ला, तरी एक झाड सोडलं नाही.

वनरक्षक बोश्त्यान चढावरून खाली आला. त्याने टोपी काढली.

“नेझाकाकू, वरचीही गेली. सगळी.”

“फुटतील ना रे परत?”

“फुटतील, पण आडवी. झुडपं होतील. सरळ झाड होणं कठीण.”

“मेल्यांनी एक म्हणून ठेवलं नाही! याकोबच्या हातून कधी असं झालं नाही. मग माझ्याच हातून कसं? चांगली घट्ट बांधली होती मी.”

बोश्त्यानने एक बोळा उचलून नाकाशी नेला.

“काकू, लोकर धुतली होतीत?”

“मग! तीनदा, साबण लावून. तो आपला मेंढीवरची काढली की तशीच बांधायचा, तेलकट, लेंड्या चिकटलेली. म्हटलं, त्याची झाडं आहेत, निदान स्वच्छ तरी बांधावी.”

बोश्त्यानने बोळा बोटांनी चिवडला.

“मेंढीच्या त्या वासालाच टरकतात हो हरणं,” तो हळूच म्हणाला.

नेझा ओल्या गवतात मटकन बसली. लोकर बांधून आलेल्या याकोबला बारा वर्षं तिने दारातच अडवलं होतं. वास मारतोयस, आधी अंघोळ कर, मग आत ये. आणि तो हसत परसात जायचा. तिला भडभडून आलं. बोश्त्यान शेजारी उकिडवा बसला.

“त्याचा कामाचा कोट होता ना,” डोळे पुसत ती म्हणाली, “तोही धुतला रे मी. त्याला माती दिली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी.”