बेसिनपाशी उमगलेलं

"मॅडम, माझी जागा रद्द झाली ना?" रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर कोंडिबा दुधाळ कुलसचिवांच्या दारातच थबकले. काचसामान धुणारं यंत्र कालच येऊन बसलं होतं.

"झाली," कुलसचिव केंकरे मॅडम म्हणाल्या. "आधी बसा तरी."

विद्यापीठातल्या नेमणुका हल्ली उमजयंत्र ठरवायचं. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट लख्ख उमगली, की त्याच्या कानामागे चिकटवलेली या यंत्राची टिकली तो क्षण आणि ती जागा टिपायची. यंदा सगळ्यात जास्त नोंदी वर्गातल्या नव्हत्या, प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशच्या होत्या.

"तिथे तुम्ही काय शिकवता?"

"मी कुठला शिकवतोय! परीक्षानळी फुटली की पोरांना विचारतो, कशी फुटली? खरं कारण सांगेपर्यंत दुसरी देत नाही. एकेकाला तास लागतो."

मॅडमनी हसत नेमणुकीचा कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'प्राध्यापक कोंडिबा दुधाळ'.

सोमवारी त्यांच्या पहिल्या तासाला वर्ग तुडुंब भरला. दुधाळ सर फळ्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात त्यांनी नवीकोरी परीक्षानळी ठेवली.

"घे बाळ," ते म्हणाले, "फोड."