वजा दोन

"बावीस," नेव्हिल म्हणाला आणि पाठ फिरवून आपल्या टेबलाकडे निघून गेला.

केरिनने मान वर केली नाही. तीन वर्षांनी बाप आपणहून तिच्यापाशी आला होता आणि बोलला काय, तर एक आकडा. शेजारच्या टेबलावरच्या गॅव्हिनला मात्र राहवलं नाही. म्हातारा कोणाला ताकास तूर लागू देत नाही, आज पोरीवर मेहेरनजर झालेली दिसते, असं तो हसत हसत म्हणाला.

"मागेही झाली होती," केरिन म्हणाली. "चांगली महागात पडली."

ऑस्ट्रेलियातल्या मिल्ड्युराच्या त्या क्लबात वीतभर लांबीच्या, विजेवर चालणाऱ्या गाड्या रिमोटने पळवतात. त्यांना खेळणं म्हणालात तर भांडण होईल. सगळी मेख मोटरच्या टोकाला बसवायच्या छोट्या दातेरी चाकात असते. चाकाला दात जास्त, तर गाडीला वेग जास्त. पण मोटरही तेवढीच तापते, आणि फार तापली की जळते. शहाणा माणूस थोड्या दातांनी सुरुवात करतो, दोन-तीन मिनिटं गाडी पळवतो, मोटरला बोट लावून बघतो आणि मग एकेक दात वाढवत जातो. नेव्हिल तसा शहाणा होता. तीस वर्षांत त्याची एकही मोटर जळली नव्हती.

आणि तिथली एक रीत होती. तुझ्या गाडीला दात किती, असं कोणी विचारलं, तर दोन वाढवून सांगायचे. जुने लोक मनातल्या मनात दोन वजा करतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. नव्याची मोटर जळते, सगळे हसतात, तोही शहाणा होतो.

केरिन नवी नव्हती. रिमोट धरायला ती बापाच्या मांडीवर शिकली होती. तीन वर्षांपूर्वी अंतिम फेरीच्या आधी तिने त्याला दात विचारले. त्याने सवयीने दोन वाढवून सांगितले, आणि तिने तेवढेच बसवले. बापाच्या आकड्यातून कोण वजा करतं? चौथ्या मिनिटाला तिच्या गाडीतून धूर निघाला. सगळे हसले. नेव्हिलही हसला, आणि तेच तिला लागलं. त्या दिवसापासून तिने त्याच्या घरी रविवारी जेवायला जाणं सोडलं. फोनही सोडला. ती शहरात बस चालवायची; तो तिच्या बसच्या थांब्यावर दोनदा येऊन उभा राहिला होता, पण तिने बसचं दार उघडलं नाही.

आज पुन्हा अंतिम फेरी होती. पहिले दोघे बेंडिगोला राज्य स्पर्धेत जाणार. अकरा वर्षं केरिन त्यासाठी धडपडत होती. पण शनिवार असूनही तिला बसची पाळी आली, शाळेच्या क्रिकेट संघाला मैदानावर सोडून इथे पोचेपर्यंत सकाळचा सराव संपला होता. त्यातच शर्यतीच्या मार्गाचा सरळ पट्टा या आठवड्यात चांगला लांबवला होता, त्यामुळे जुने आकडे कुचकामी झाले होते. सावलीत त्रेचाळीस अंश होते. मोटर एकच होती, तपासायला वेळ नव्हता.

तिने खूप विचार केला. म्हातारा सकाळपासून इथे गाडी पळवतोय, म्हणजे त्याला नेमकं कळलं असणार. तो बावीस म्हणतोय, म्हणजे वीस. तिने पेटीतून वीस दातांचं चाक काढलं, बसवलं आणि स्क्रू आवळला.

आठ गाड्या सुटल्या. चालकांच्या मचाणावर बाप एका टोकाला आणि लेक दुसऱ्या टोकाला उभी होती. नेव्हिलची गाडी सरळ पट्ट्यावर सगळ्यांना मागे टाकून पुढे गेली. गॅव्हिन दुसरा होता, केरिन तिसरी. सहाव्या मिनिटाला नेव्हिलची गाडी अडखळली, चार हात सरकली आणि थांबली. तिच्यातून धूर येत होता. या वेळी कोणी हसलं नाही. स्टॉलवर सॉसेज भाजणारी बाईसुद्धा चिमटा हातात धरून बघत राहिली.

केरिन दुसरी आली. तिने मोटरला बोट लावलं. चटका बसला, पण तीन मोजेपर्यंत बोट ठेवता आलं. मोटर शाबूत होती. अकरा वर्षांनी बेंडिगो! गॅव्हिन पहिला आला होता, तरी त्याने आधी येऊन तिचीच पाठ थोपटली.

मग ती सरळ बापाच्या टेबलापाशी गेली. हे वाक्य तिने तीन वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं.

"या वेळी मी दोन वजा केले."

"बरं केलंस," नेव्हिल म्हणाला. तो फडक्याला हात पुसत होता.

जळकी मोटर टेबलावर पडली होती आणि चाक अजून तिच्या टोकालाच होतं. त्याच्यावर कोरलेला आकडा केरिनने वाचला. मग वाकून पुन्हा वाचला. बावीस.

ती शेजारच्या खुर्चीवर बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा या माणसाने कोणाला तरी खरा आकडा सांगितला होता, आणि आपण तो खोटा धरला. तिला लाज वाटली. आणि आपल्या बापासारखा सावध माणूस असा कसा फसला, हेही तिला कळेना.

"या उन्हात बावीस टिकणार नाहीत, हे तुला कळलं नाही?"

"सकाळीच कळलं होतं. वीसच हवे होते."

"मग?"

नेव्हिलने फडकं खाली ठेवलं.

"तुझ्याशी पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं. आणि वीस म्हणालो असतो, तर तू अठरा लावले असतेस."