दाराशी वहाणा

"थांबा, मालकाले विचारून येतो," असं म्हणून मैनाबाई आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

कांता ओसरीवर उभी राहिली. दिवाळीनंतर ती मारेगावच्या मुलींच्या शाळेत बदलून आली होती आणि आठवडाभरात चार-पाच घरांनी तिला नाही म्हटलं होतं. एकट्या बाईला खोली कोण देणार? हे घर वस्तीपासून लांब होतं, भाडं बारा रुपये. इथंही नकार आला तर नोकरी सोडून महागावला जायचं आणि भावजयीची बोलणी खात भावाच्या घरी राहायचं, एवढंच उरलं होतं.

मैनाबाई बाहेर आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. "मालक म्हणतेत, कुटुंबवाल्यालेच देऊ. तुमचे मालक कुठं हायेत?"

"पांढरकवड्याला. जंगलखात्यात." कांता घडाघडा खोटं बोलली. "शनिवारी रात्रीच्या मोटारीनं येतील, रविवारी पहाटे जातील."

नवऱ्यानं तिला कधीच टाकून दिलं होतं.

"मंग ठीक हाय. फक्त हळू बोलत जा, बाई. आमचे मालक रातभर वावरात जागलीवर राह्यतेत, अन् दिवसा झोपतेत."

पगार हाती आला तशी कांता हिशेबाला बसली. भाडं, सरपण, रॉकेल, ज्वारी, डाळ. सगळं कसंबसं बसलं, आणि मग आठवलं, घरात नवराही आहे. आठवडी बाजारातून तिनं पुरुषी वहाणांचा एक वापरलेला जोड आणला आणि त्यापायी त्या महिन्याचं गोडेतेल निम्म्यावर आलं. सोबत असताना त्या मेल्यानं कधी दमडी दिली नाही, आता नसतानाही खर्चात पाडतो! तिला हसू आलं आणि रागही आला.

वहाणा दाराशी ठेवल्या. नवरा विसरून गेलेला एक सदरा ती दर रविवारी धुऊन दोरीवर घालू लागली. खोलीला तिनं पांढऱ्या मातीचा पोतारा दिला, चूल नीट बसवून घेतली, पुस्तकांसाठी फळी ठोकली. स्वतःच्या हातानं कुलूप लावावं अशी तिची ही पहिलीच जागा. ती सुटली तर आपण कुठले, या विचारानं तिचा जीव खालीवर होई.

त्यात मैनाबाईच्या चौकशा.

"आलते काय मालक रात्री? भाजी काय केलती? लवकरच गेले वाट्टे?"

कांता सावरून उत्तरं देई. मैनाबाईच्या दाराशी तिच्या मालकाच्या वहाणा असत, रोज काळ्या मातीनं भरलेल्या. त्यांच्याकडे बघून कांताला हेवा वाटे. खरा संसार असा असतो, चिखलामातीचा!

एकदा तिनं अंबाडीची भाजी केली आणि वाटीभर मालकांसाठी दिली. मैनाबाईनं ती आत नेली, दार लोटलं, आणि थोड्या वेळानं धुतलेली वाटी परत आणली.

"लय आवडली त्यायले," ती कुजबुजली.

मग एका रविवारी दुपारी मैनाबाई दोरीवरचा सदरा हातात घेऊन उभी दिसली. तो उलटसुलट पाहून झाल्यावर तिनं कांताच्या दाराशी ठेवलेल्या वहाणा उचलल्या.

"मास्तरीनबाई, इकडं या."

कांता दाराशी आली.

"सदऱ्याची कॉलर कधी मळत नाही. वहानायले धूळ नाही. तुमचा मानूस पांढरकवड्याहून उडत येते काय?"

शाळेतली शुद्ध भाषा कांताच्या तोंडून गळून पडली. "बाई, खोटं बोलली मी. मले कोनी नाही. पण खोली सोडाले सांगू नका, मी कुठं जाऊ?" ती तोंडात पदर धरून रडायला लागली.

वहाणा घेऊन मैनाबाई न्हाणीच्या मोरीपाशी बसली, तिथला काळा चिखल तिनं त्यांच्या तळव्यांना चांगला फासला आणि त्या कांताच्या दाराशी नेऊन ठेवल्या. मग आपल्या दाराशी असलेल्या मालकाच्या वहाणा उचलून पुन्हा मोरीपाशी आली.

"रोज लावा लागते, बाई," त्यांना चिखल फासत ती म्हणाली. आज ती हळू बोलत नव्हती. "नाहीतर लोकायले कसं वाटन, का घरात मानूस हाय?"