आधाराला कोण?

आठवडाभर मुझम्मिल आईकडून एकच वाक्य घोकून घेत होता : "सुदानात माझ्या आधाराला कोणी नाही." शारजाच्या व्हिसा कचेरीत ती तेवढं बोलली, की तिला कायमचं आपल्याजवळ ठेवून घेता येणार होतं.

"जित्याजागत्या माणसांना 'नाही' म्हणू? जीभ झडेल माझी," त्याची आई हाज्जा बतूल म्हणायची.

शेवटी तो दिवस आला. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले. "हाज्जा, तिकडे तुमच्या आधाराला कोण आहे?"

"कोण नाही ते विचार, पोरी!" हाज्जा बोटांवर माणसं मोजू लागली. बहीण नफीसा, तिच्या तीन सुना, समोरचा शिंपी, अख्खी गल्ली. "रोज दुपारी आल्याची कॉफी ठेवते, तर माणसं अंगणात मावत नाहीत."

मुझम्मिलने कपाळाला हात लावला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग इकडे कशाला राहायचंय?"

हाज्जाने लेकाची बाही ओढून त्याला पुढे केलं. "हा बघ. नऊ वर्षं झाली, कागदी कपातून एकटाच कॉफी पितोय. मेल्याला शेजाऱ्याचं नाव विचारलं, तर तेही सांगता येत नाही!"

बाई मुझम्मिलकडे बघत राहिल्या. मग त्यांनी रकान्यात 'आधाराला कोणी नाही' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

"खोटं नाही ना लिहिलंस?" हाज्जाने दरडावून विचारलं.

"नाही हाज्जा. फक्त कोणाच्या, ते लिहिलं नाही."